दोन बटणं, दोन हात

१ ऑक्टोबर
गगनबावड्याचा पाऊस मागं टाकून मी, झुंबरबाई, शिरोली एमआयडीसीत नातवाकडे राहायला आले. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नातसून स्वप्नाली लिहिते. माझ्या ‘हाय’चं ती ‘आहे’ करते. कर बाई, शिकलेली आहेस.

खोली कारखान्याच्या माथ्यावर, खाली नातवाची, अमरसिंहची प्रेस. लई तोऱ्यात दाखवली त्यानं. पुऱ्यांसाठी लाटलेली पोळी वाटीनं कापावी तशी पत्र्याची चकती कापायची. मग तेल लावून साच्यावर ठेवायची, वरून ठोकळा आदळतो आणि चकतीची वाटी होते. ती मोटारसायकलच्या दिव्यामागं बसते. मी म्हटलं, माझी सासू हे चुलीपुढं बसून करायची, पण तिनं कधी दारावर बोर्ड लावला नव्हता.

३ ऑक्टोबर
प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोकळा उतरतो, म्हणजे हात साच्यात राहत नाहीत. करणारा शहाणा होता. आमच्या दीडशहाण्यानं एका बटणात काडी खुपसून ते कायमचं दाबून ठेवलंय. एका हातानं बटण, दुसऱ्यानं चकती. काम दुप्पट होतं, म्हणाला. बोटंपण दुप्पट उगवतात का रे, मी विचारलं. तर म्हणे, आज्जी, तुला काय कळतंय!

६ ऑक्टोबर
एका वाटीच्या तळाला अंगठ्याचा ठसा निघाला. पत्र्यात खोल रुतलेला. अमरसिंह म्हणाला, तेलाचा डाग आहे. जन्मभर कागदावर अंगठा उठवला मी, आणि हा मला ठसा शिकवतोय! त्यावर तिरपा व्रण होता. प्रेस चालवणाऱ्या ज्ञानूच्या अंगठ्यावर आहे, तसाच.

७ ऑक्टोबर
दुपारी ज्ञानूचा अंगठा साच्यात गेला.
नातू दवाखान्यातून आला आणि आधी साचा पुसला. काडी तशीच. थू त्याच्या शिक्षणावर.

९ ऑक्टोबर
पुन्हा ठसा. बारीक अंगठा. मधोमध विळीचा आडवा काप —
लिहिता लिहिता स्वप्नाली थांबली. स्वतःचाच अंगठा बघत बसली.

१० ऑक्टोबर
ज्ञानूच्या जागी आज तिला बसवतोय. पन्नासच वाट्या, म्हणे. ठसा दाखवला तर हसला.

लिही. ‘आहे’ करत बसू नको, येळ न्हाय. काडी म्या उपसली. मेन स्विच पाडला. तरी प्रेस आदळतीया. खाली कोण न्हाय — अमरसिंग हितं दारात हाय —

मशीन चालूच हाय, चल, म्हणतोय मुडदा.

उठू नको. पेन हातात हाय तवर हात साच्यात न्हाय. काय बी लिही. आजऱ्याचा तांदूळ लिही. सासूच्या पुऱ्या — गोल, एकसारख्या —

अमरसिंग, तिचं मनगट सोड —

पोरी, पेन घट्ट ध