वनिताताईंचा डबा

बुधवार, संध्याकाळ

दोनदा साबण लावला तरी हाताचा रश्श्याचा वास जात नाही. काय अवदसा आठवली आणि न विचारता जेवायला बसले?

दुपारी नगरपालिकेत साहेबांनी तक्रार हातात दिली. विनापरवाना तिसरा मजला, उद्या पाहणी करून अहवाल द्या. पत्ता वाचला. माझ्या नणंदेचं, वनिताताईंचं घर. मी कागद फाईलला लावला आणि निघाले. तिथल्या तिथं सांगायला काय झालं होतं?

घरी आले तर ताट वाढलेलंच. मटण, तांबडा रस्सा. दुसरी वाटी संपवली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वनितानं डबा धाडलाय. उद्या तू जाणार हाईस न्हवं मोजायला? आपलंच घर हाय की ते."

म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं. ऑफिसातून कुणी सांगितलं?

मी म्हटलं, "उद्या साहेबांना सांगणार, हे काम दुसऱ्याला द्या. डबा आला होता, तेही सांगणार."

ह्यांनी आणखी एक भाकरी घेतली.

"दुसरा आला तर मजला पाडंल की गं!" सासूबाई म्हणाल्या.

पाडेलही. आणि मी गेले असते तर वाचवला असता. तेच तर.

डबा घासून ओट्यावर ठेवला. लेकीकडं रिकामा डबा कसा पाठवायचा, म्हणून सासूबाईंनी साखरेची बरणी उघडली. चमचा भरला, तसाच धरून माझ्याकडे बघितलं.

"साखर तरी घालू, का तीबी साहेबाला इचारायची?"