मुकी पेटी

ता. ४, मंगळवार

सगळ्यात आधी टपकली ती वायरमनची बायको! खोकं अजून दारातच, वरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही, आणि ही बया हाताला साबणाचा फेस तसाच घेऊन हजर. "काकू, काय आलं? केवढं आलं? कुणी दिलं?" एका दमात तीन प्रश्न. समोरच्याच दारात राहते ना, माझ्याकडे मुंगी शिरली तरी हिला पत्ता लागतो. आणि दारावर बेल असताना दार बडवते! हल्ली सगळेच बडवतात. शिस्त म्हणून राहिली नाही.

खोक्यामागून मुलगा, सून आणि नात. सून म्हणाली, "आई, हा एअर फ्रायर. तेलाशिवाय तळतो."

मी हसतच सुटले. तेलाशिवाय तळतो! उद्या म्हणाल, पाण्याशिवाय पोहतो!

एकतीस वर्षं मी कारखान्याच्या कँटीनमध्ये कढईवर उभी राहिले. लहान पोर आंघोळीला बसेल एवढी कढई. डोक्यावर धूर ओढायचा भलामोठा पंखा, त्याची अशी घरघर की शेजारणीला मीठ मागायचं तर तिच्या कानात ओरडावं लागे. पाचशे माणसांचं तळण ह्या हातांनी काढलं, आणि ही कालची पोर मला प्लॅस्टिकची पेटी दाखवते!

हसणं चालू होतं तेवढ्यात मुलगा आत गेला, गॅसचा सिलिंडर उचलला आणि खाली गाडीत नेऊन ठेवला. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी आ वासून बघत राहिले. चहाला विजेची किटली ठेवलीय म्हणे.

शेगडी आता कवळी काढलेल्या म्हातारीसारखी दिसते.

ता. ५, बुधवार

हे सगळं का झालं ते लिहून ठेवते. नातीने वही त्यासाठीच दिली. मी विसरते असं घरात ठरलंय, तर म्हटलं विसरत नाही त्याचा पुरावा असू दे. चौथीपर्यंत शिकले, अक्षर वाकडं आहे, पण माझं मला कळतं.

गेल्या महिन्यात कढईतलं तेल पेटलं. पडदा जळला, भिंत काळी झाली. वायरमनने धावत येऊन ओली चादर टाकली म्हणून वाचले. मुलगा म्हणाला, "आई, तू गॅस पेटवला आणि विसरलीस."

नाही विसरले! देवाशपथ नाही. शेगडीकडे पाठ करून बटाटे चिरत होते आणि तेलाची वाट बघत होते. तेल बोलतं. थेंबभर पाणी शिंपडलं की तडतडतं, जिन्नस सोडला की आधी मोठ्याने भांडतं, मग आवाज बारीक होत जातो, आणि अगदी बारीक झाला की तळण झालं. मी कधी कढईत वाकून बघितलं नाही, कानानेच तळलं. त्या दिवशी थेंब टाकला, पाठ केली, वाट बघत बसले. तेल बोललंच नाही! थेट पेटलं.

हे मुलाला सांगितलं तर त्याने सुनेकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही.

म्हणाला, "पंधरा दिवस बघू. ह्या फ्रायरवर तुझं नीट निभावलं तर इथेच राहा. नाहीतर ते म्हाताऱ्या माणसांचं घर आहे ना, तिथे खोली बघू. बाग आहे, नर्स आहे."

बाग काय करायचीय मला! माझ्या खिडकीला गजाची जाळी आहे, त्यावर चिमण्या येतात. येतात आणि गप्प बसतात. त्याही बदलल्या हल्ली.

ता. ६, गुरुवार

पेटीला हात लावला नाही. पाव आणि किटलीचा चहा.

ता. ७, शुक्रवार

लावला! भूक लागली, काय करणार.

कांद्याच्या जाड चकत्या केल्या, पातळ पिठात बुडवल्या आणि सोडल्या पेटीत, कढईत सोडतात तशा. ड्रॉवर उघडून बघते तर काय – खाली सगळी भोकं! पीठ गळून तळाशी पोळी झालीय आणि वर कांदा नागडा! मी कपाळावर हात मारला. एकतीस वर्षांची कढईवाली आणि हे रूप!

वायरमनची बायको आलीच बघायला. खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली मेली. मग मीही हसले. नागड्या कांद्याला मीठ लावून दोघींनी खाल्लं. कांदा गोड लागला, कबूल करते.

ता. ८, शनिवार

अगं बाई!

बटाटे. लांब चिरले, पुसून कोरडे केले, चमचाभर तेल हाताने चोळलं. चमचाभर! कँटीनमध्ये एवढं तर झाऱ्याला चिकटून जायचं. पंचवीस मिनिटं लावली. बाहेर आले ते सोनेरी. दाताखाली कुरकुर, आत लोण्यासारखे मऊ. मी उभ्याउभ्या अर्धी टोपली संपवली. एवढी थक्क झाले की खाली बसायचं राहिलं. आयुष्यभर मी डब्यांनी तेल ओतलं ते कशासाठी!

रंग थोडा जास्त चढला होता, कडा काळ्या. कारण एवढंच की पेटी मुकी आहे. झालं की सांगत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत बसावं लागतं, आणि मधे डोळा लागला की गेलं. एवढं डोकं लावून यंत्र बनवलं, दिवे दिले, आकडे दिले, तोंड तेवढं द्यायचं विसरले! आणि मी विसराळू!

ता. ९, रविवार

शेंगदाणे – आठ मिनिटं. एक नंबर.
वांगं – गाभा मऊ, साल सुटते. छान.
शिळा पाव – तीन मिनिटांत आजचा झाला! जादू आहे ही.
पालक – करू नये. पानं आत उडत फिरतात, वर तारेला चिकटून जळतात. पेटी धुवायला तासभर.

ता. ११, मंगळवार

नातीचा फोन. काय बोलते काही कळत नाही, तोंडातल्या तोंडात पुटपुटते. बारीक आवाजाची आहे पोर. म्हटलं, "घसा मोकळा करून बोल गं!" मग मुलगा आला फोनवर. त्याचा आवाज ढोलासारखा, शब्द न् शब्द कळतो. रविवारी जेवायला येतो म्हणाला. पंधरा दिवस भरायच्या आधीच परीक्षा!

गजराचं घड्याळ लावून तालीम करावी म्हटलं, तर तेही बिघडलंय. काटा येतो, गजर होत नाही.

ता. १२, बुधवार

वायरमनची बायको म्हणते, "काकू, पेटी घेऊ का मीही? खरं सांगा."

खरं सांगितलं. तुम्ही दोघं, वर जावई-मुलगी येणार, तुला पुरायची नाही. चार माणसांचं करायचं तर तीनदा लावावी लागते, आणि शेवटचं होईतो पहिलं गार. ओट्यावर जागा खाते. पिठातलं काही जमत नाही. आणि मुकी आहे. पण एकट्या बाईला? एकट्या बाईला ही सोबत आहे. धूर नाही, ओट्यावर तेलाचा चिकटा नाही, आपली आपण बंद होते. ह्या वयात मला कुणी इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं!

"मुकी?" म्हणाली. पुढे काहीतरी म्हणत होती, तेवढ्यात खालून भाजीवाल्याची हाक आली आणि ती पळाली.

ता. १६, रविवार

लिहायचं मन नाही. तरी लिहिते.

सगळं नीट केलं होतं. दोनदा बटाटे काढून झाकून ठेवले, तिसऱ्या वेळेला मासे लावले. तेवढ्यात दार बडवलं, मुलगा-सून आले. नात गळ्यात पडली. बसले बोलत. मला मासे आठवत होते! मनात घोकत होते – मासे आहेत, मासे आहेत. पण झाले की नाही कोण सांगणार? मुलगा बोलता बोलता म्हणाला, "वास छान येतोय. काय लावलंयस?" उठला, ड्रॉवर ओढला. मासे केव्हाचे होऊन गार पडलेले.

"आई. विसरलीस ना?"

"विसरले नाही रे! वाट बघत होते!"

"कशाची?"

काय सांगू, कशाची! मागेही हेच म्हणाले होते, तेलाची वाट बघत होते.

सून उठली. तिने मासे परत आत ठेवले, पाच मिनिटं लावली आणि मागे वळून ताटं पुसायला लागली. पेटीकडे बघतही नव्हती. आणि बरोबर वेळेला फडकं खाली ठेवून मासे बाहेर काढले. घड्याळ नाही, काही नाही! मी पाहतच राहिले. हिला कसं कळलं? आठवड्याभरात मला एकदा कळलं नाही, आणि पोरीला पाठमोरं उभं राहून कळतं!

तेव्हा पहिल्यांदा मलाच शंका आली. खरंच डोकं जागेवर नाही का माझं?

नात हळूच काहीतरी म्हणाली बापाला. मला कळलं नाही. मुलाने तिला हातानेच गप्प केलं.

जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी खोल्या बघून येऊ आई. नुसतं बघायला."

मासे चांगले झाले होते. कुणी बोललं नाही तसं.

ता. १७, सोमवार

काय न्यायचं तिकडे, ते मनात मांडलं. कढई नेऊ देणार नाहीत.

ता. १८, मंगळवार

शेवटचा उपाय म्हणून वायरमनला गाठलं. निवृत्त झालाय, पण हात शाबूत आहे. म्हटलं, "भाऊ, ह्या पेटीला एक घंटा बसवून दे. झालं की वाजली पाहिजे. नाहीतर मला इथून हलवतायत."

त्याचा आवाजही जाड. म्हणाला, "काकू, घंटा असतेच की ह्यात."

"बिघडली असेल मग. एकदाही वाजली नाही."

पेटी रिकामी लावली, एक मिनिट. तो ओट्याला टेकून उभा, बायको दारात, मी खुर्चीत. काटा फिरला. पेटीचा दिवा विझला. मी म्हटलं, "बघ! मुकी!"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. असे बघायला लागले की मला वाटलं माझ्या डोक्यावर पाल बसलीय.

वायरमनची बायको खाली वाकून, माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "काकू, पाच वेळा वाजली. रोज वाजते. आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते हो! मला वाटायचं, तुम्हाला करपट आवडतं."

मी म्हटलं, थट्टा पुरे.

वायरमनने मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. "ऐकू आलं की हात वर करा." मी बसले शाळेत बसल्यासारखी. बसले, बसले. शेवटी म्हटलं, "लाव तरी!" तर म्हणतो, "चारदा झालं काकू." मग बाहेर जाऊन दारावरची बेल दाबली. दाबत होता म्हणे – मला दिसत होतं त्याचं बोट! आवाज नाही. गजराचं घड्याळ आणलं, कानाला लावलं. तिथे कुठे एवढंसं, मुंगीने टाळ वाजवावा तसं काहीतरी.

घड्याळ बिघडलेलं नाही. बेल बिघडलेली नाही. पेटी मुकी नाही. चिमण्याही गप्प नसणार!

आणि तेल – ते बोललं असेल. पडदा पेटेपर्यंत बोंबलत असेल बिचारं, आणि मी पाठ करून वाट बघतेय!

"तुमच्याशी मी बोलतो ते कसं ऐकू येतं मग?" वायरमन. म्हटलं, "तुझा आवाज रेड्याचा आहे." तो म्हणाला, "जाड ऐकू येतं, बारीक गेलंय. आमच्या खात्यात जनरेटरपाशी काम करणाऱ्यांचं असंच व्हायचं. कुठे होता तुम्ही नोकरीला?"

एकतीस वर्षं, त्या पंख्याखाली.

मी रडायला हवं होतं ना? मी हसायला लागले! इतकी हसले की बाई घाबरून पाणी घेऊन आली. अगं, कान गेलेत माझे! नुसते कान! डोकं जागेवर आहे!

ता. १९, बुधवार

वायरमनने त्याच्या फोनवरून मुलाला सगळं सांगितलं, मग फोन माझ्याकडे दिला. मुलगा गप्प होता. मला वाटलं ऐकू येत नाहीये – पण त्याचा आवाज तर येतो मला. गप्पच होता. मग म्हणाला, "आई, रविवारी तुझी नात हेच म्हणत होती. आजीला माझं ऐकू येत नाही म्हणाली. मी तिलाच गप्प केलं."

रविवारी येतो म्हणाले, सकाळी नऊला. खोल्या बघायला नाही, कानाच्या डॉक्टरकडे न्यायला. येताना सिलिंडर परत आणणार.

म्हटलं, या. फक्त बेल दाबत उभे राहू नका – दार बडवा!