एकपदरी गच्चीला गुढीचे भोक

प्रति,
मा. मानद बांधकाम सचिव (श्री. विद्याधर चांदोरकर),
दक्षिणी हितकारी मंडळ, व्यापारी संकुल,
खंडेराव गेटजवळ, झाशी.

दिनांक : १३ मार्च २०२३

विषय : गच्चीचे आच्छादन उखडण्याचा व त्यासाठी माझी शिवणशाळा रिकामी करून घेण्याचा ठराव रद्द करणे आणि यंदाची गुढी गच्चीवर न उभारणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस (हिंदीत).

महोदय,

वरील विषयावरचा माझा पहिला अर्ज आपण परत पाठवलात. मंडळाचा कारभार मराठीत चालतो, सबब हिंदी अर्ज स्वीकारता येत नाही, असा शेरा त्यावर होता. शेराही हिंदीतच होता. असो. आता मराठीत लिहिते, म्हणजे न वाचायला आपल्याला दुसरे कारण शोधावे लागेल.

१. ही गच्ची कशी निवडली गेली, ते आपण विसरला आहात. जुनी गच्ची दर पावसाळ्यात गळायची आणि दर गळतीवर मंडळ चुना-विटांचा एक थर चढवायचे. शेवटी ग्वाल्हेरहून आलेल्या इंजिनिअरने सांगितले की आता या स्लॅबवर आणखी वजन टाकाल तर तो खाली येईल. खाली म्हणजे वरच्या मजल्यावर, माझ्या शिवणशाळेत. म्हणून नवे आच्छादन ठरवायच्या निवड समितीत मला घेतले. डांबरी पट्ट्या झाशीच्या मे महिन्यात पातळ होतात. पत्रे घातले तर माकडे त्यावर दिवसभर नाचतील आणि आम्ही आत भाजून निघू. राहिली एकपदरी पांढरी प्लास्टिकची चादर. वजनाला हलकी, ऊन परत पाठवणारी, जोड गरम हवेने वितळवून एकजीव केलेले. सभेत एका सन्माननीय सभासदांनी एकच पदर अशुभ, निदान सव्वा तरी घ्या, अशी सूचना मांडली व ती गंभीरपणे चर्चिली गेली. मी तेव्हाच कपाळाला हात लावायला हवा होता. त्याऐवजी मी सर्वांना दोन पथ्ये समजावून सांगितली : हिला भोक पाडायचे नाही आणि हिला डांबर लावायचे नाही. आपण मान डोलावलीत. झोप आली की आपण मान डोलावता, हे मला नंतर कळले.

२. पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा सुखाचा गेला. एक थेंब आत आला नाही. वर्षानुवर्षे गळतीखाली ठेवलेल्या बादल्या आम्ही कापड भिजवायला घेतल्या.

३. मग पाडवा आला. जुन्या गच्चीत गुढीची काठी रोवायला एक लोखंडी नळी होती. ती चादरीखाली गेली, म्हणून ठेकेदाराने कठड्याला बाहेरून चांगली मजबूत कडी बसवून दिली होती. परंतु कडीतली गुढी शेजारच्या मिठाईवाल्याच्या पाटीपेक्षा हातभर खाली दिसते, असे आपल्या लक्षात आले. झाशीत मराठी घरे उरली मूठभर, मग गुढी तरी उंच हवी, असे आपण म्हणालात. हे दुःख मलाही कळते. पण त्यावर उपाय म्हणून आपण अनवाणी पायाने चादर चाचपत जुनी नळी शोधलीत, आणि सापडताच पहार मागवून नव्याकोऱ्या गच्चीला आरपार भोक पाडलेत. मी जिन्यातून धावत वर आले, तोवर आपण नारळ फोडत होतात. नारळही चादरीवरच.

४. एकपदरी गच्चीत पाणी जिथून शिरते तिथेच गळत नाही, ते चादरीखालून वाट काढत जाते. त्या पावसाळ्यात ते बरोबर आमच्या यंत्रांवर उतरले. समथरहून रोज बसने येणाऱ्या इंदुमतीबाई शाळेचे गणवेश शिवत होत्या. ओल्या मोटारीचा झटका बसून त्या यंत्रावरून मागे फेकल्या गेल्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे आजही मिटत नाहीत. ज्या हाताने त्या काजे करायच्या त्याच हाताची. आपण पाहणीला आलात आणि त्यांना विचारलेत, "रबराची चप्पल का घातली नव्हती?" त्या बिचाऱ्या चूक झाली म्हणाल्या. मला त्या क्षणी आपली एवढी चीड आली की मी मोजमापाची पट्टी हातातून खाली ठेवली, उगीच काही होऊ नये म्हणून.

५. पुढे आपण दुरुस्ती केलीत. कशाने? डांबराने. पिंपभर डांबर भोकावर आणि भोकाच्या आसपास, जिथे भोक नव्हते तिथेही. या प्लास्टिकला डांबर सोसत नाही, ते मऊ पडते, सुरकुतते, हे मी सभेत सांगितले होते. ते मऊ पडले, सुरकुतले. दिवाळीत आपल्याला पांढरी गच्ची सुतकी दिसू लागली, म्हणून तिच्यावर गेरू फिरवलात. ऊन परत पाठवणारी चादर आता ऊन जपून ठेवते. आणि एवढे सगळे करून झाल्यावर मंडळाच्या सभेत आपण ठराव मांडलात, की समितीने निवडलेले "कापडी छत" निकृष्ट निघाले, ते उखडावे, त्यासाठी वरचा मजला रिकामा करावा, आणि पुढे तिथे सभागृह करावे. म्हणजे पहार तुमची, डांबर तुमचे, गेरू तुमचा आणि बाहेर आम्ही. हे शहाणपण पाजळायला पदवी लागत नाही, मानद हा शब्द पुरतो.

६. शिवणशाळेत अकरा बायका आहेत. गरौठा, समथर आणि इथल्या गल्ल्यांतल्या. आमच्यापैकी मराठी एकीलाच येते, आणि ती मी. मंडळाच्या दृष्टीने त्या कोणी नाहीत. पण दर वर्षी आपल्या गुढीचे रेशमी वस्त्र त्याच शिवतात, हौसेने, आणि काठाला जरही लावतात. यंदाचे वस्त्र इंदुमतीबाईंनी डाव्या हाताने टाचले आहे. टाके वाकडे आहेत. मी ते उसवू दिले नाहीत.

७. सबब विनंती की ठराव मागे घ्यावा. डांबराने खराब झालेला तुकडा कापून तिथे त्याच जातीची चादर गरम हवेने जोडून घ्यावी. चादर बसवणारा ग्वाल्हेरचा ठेकेदार यायला तयार आहे, त्याला फक्त आपण वर हजर नसल्याची खात्री हवी आहे.

भाऊजी, हा शब्द अर्जात बसत नाही, तरी लिहिते. तुमचे धाकटे बंधू गेले, तेव्हा दुसऱ्याच महिन्यात तुम्हीच मला ही खोली मिळवून दिलीत आणि म्हणालात, "कांचन, इथून तुला कोणी उठवणार नाही." मी ते खरे मानून इथे बसले आहे. आजही खरेच मानते.

गच्चीवर जायला एकच जिना आहे आणि तो माझ्या खोलीतून जातो, हे आपण जाणताच. पाडव्याला सकाळी गुढी शिवणशाळेच्या दाराशी उभी असेल. कडुनिंब, गाठी, वस्त्र सगळे तयार आहे. आपण वडीलधारे, पूजा आपणच करावी. तांब्या इंदुमतीबाई चढवतील, उजव्या हाताने, जमेल तसा. तेवढा वेळ आपण थांबावे.

कळावे.

आपली, अजून तरी नम्र,

(सही)
श्रीमती कांचन श्रीकृष्ण चांदोरकर
वरचा मजला, झाशी

सोबत :
१. ठेकेदाराने दिलेली पथ्ये, मराठीत करून.
२. डांबर लागलेल्या चादरीचा तुकडा. हाताला चिकटतो, जपून धरावा.
३. गच्चीच्या दाराची किल्ली : जोडलेली नाही.