मांडवाखालची माती

रबाळे गाव,
११ ऑक्टोबर १९९८

चि. मिथुनला प्रेमलाताईचे अनेक आशीर्वाद.

तू नि वहिनी खुशाल असाल. करंजाड्याचं नवं घर तिला मानवलं का? फोन केला की म्हणते, साहेब साईटवर गेलेत. मला भाऊ होता, त्याचा साहेब कधी झाला कळलंच नाही. म्हणून पत्र.

इकडे बरं चाललंय म्हणायचं. खाडीत निवट्या मासळी भरपूर आहे, पण माझ्या हातांना चिरा पडल्यात. मसाला लावताना डोळ्यांत पाणी येतं.

सुचिता अजून माहेरीच आहे. दसऱ्याला तरी सासरचं कोणी न्यायला येईल वाटलं होतं. नाही आलं. तिची सासू चारचौघांत म्हणाली, पोरीला रोग होता, लपवून आमच्या गळ्यात बांधली. मी ऐकून घेतलं. खरं कारण सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं.

आपलं सगळं खारपट, भरतीला अंगणात चिखल. मांडव घालायचा कुठे? तू म्हणालास, भाचीच्या मांडवाला मामाची माती. डंपर दारात आले तेव्हा मी आळीभर मिरवले रे! पिवळट होती, उग्र वास यायचा. फुकटच्या भरावाला कोण नाक मुरडतं? सुचिताने आणि मी अनवाणी अंगण सारवलं. हळद उतरायच्या आत तिच्या पायांना फोड.

डॉक्टर म्हणाले, मातीतच विष आहे. चौकशी केली तर ती रंगाच्या बंद कारखान्यातली निघाली. पालिकेने म्हणे ठरवलंय, जो बिल्डर असली विषारी जागा साफ करून बांधकाम करेल त्याला काही वर्षं कर माफ. माफी बिल्डरला, माती उचलायचं काम तुला. लांबच्या खड्ड्यात न्यायची तर डिझेल जळतं, म्हणून आमच्या दारात. मेल्या, दुसऱ्याचं अंगण तरी बघायचंस. नाही, तेही नको. कोणाचंच नको.

गणपतीत आलास तेव्हा मी विचारलं. तू खाली बघून म्हणालास, “मला तेवडं म्हाईत नवतं, ताई. पन आता तोंड उघडू नको. पोरगी बरी व्हईल. माजे डंपर गेले तर परत येनार नाय.”

मी तुझं ऐकलं. आई गेल्यापासून तुला मीच कडेवर वाढवलंय.

शुक्रवारी पालिकेचे साहेब आले. माफी द्यायच्या आधी माती कुठे गेली ते बघत होते. गावात कोणी तुझं नाव काढलं नाही. माझ्या दारात आले तेव्हा सुचिता ओटीवर होती, पायांना फडकी गुंडाळून. मी आत निघून जाणार होते, खरंच. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं.

मी म्हटलं, “तुमी जिच्यावर उभे हाव तीच ती माती, साहेब. माज्या भावानं टाकली.”

आता ती माती उचलतील. बिल्डरची माफी अडली, तो सगळं तुझ्यावर ढकलणार, एवढं मलाही कळतं. दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. लिहिताना रडू आवरत नाही, पण पुन्हा विचारलं तरी हेच सांगेन.

भाऊबीजेला पाट मांडून बसेन. आलास तर ओवाळीन. नाही आलास, तर भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तशी मीही ओवाळीन.

तुझी ताई,
प्रेमला