सेलेस्तँची खुंटी

सँ-क्लोद,
३० जानेवारी १९५६

ती. आन्तेल्म काकांस,
ओडीलचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पाइप ओढणाऱ्यांच्या मंडळाची स्पर्धा जाहीर झाली! रविवार, १२ फेब्रुवारी, दुपारी तीन. पाइपच्या कारखान्यातून येताना फलकावर वाचलं आणि पॉलिशच्या लाल हातांनी तशीच धावत घरी आले. यंदाही तेच : तीन ग्रॅम तंबाखू, दोन काड्या, आणि ज्याचा पाइप सर्वांत उशिरा विझेल तो पहिला.

आपल्याला पहिलं कुठे यायचंय म्हणा. नियम तुम्हाला पाठ आहे, तरी आईने मला तो जेवताना तीनदा ऐकवला. सभासद गेला की भिंतीवरची त्याच्या पाइपची खुंटी एक हिवाळा राखून ठेवायची. तेवढ्या काळात घरातल्या कुणी त्याच्याच पाइपवर अर्धा तास काढला तर खुंटी घरची, नाहीतर तिथे नवं नाव. बाबांना जाऊन तीन महिने होतील. त्यांच्या नावाची पट्टी अजून आहे, पण अध्यक्ष ग्रांक्लेमाँ साहेब तिच्याकडे हल्ली पेचकस शोधणाऱ्या माणसासारखे बघतात.

तेव्हा स्पर्धेला तुम्ही बसा, आणि शनिवारच्या मोटारीने बाबांचा पाइप घेऊन उतरा. आमच्या स्वयंपाकघरात धुण्याची वाफ असते म्हणून तुम्ही तो वर नेलात ते बरंच झालं. आई ससा शिजवणार आहे.

माया आहेच, ती घेऊन लवकर यावे.

आपली,
ओडील

लामुरा,
३ फेब्रुवारी १९५६

चि. ओडील हिस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

ससा तुम्ही दोघीच खा. परवापासून पारा शून्याखाली सत्तावीस आहे. मोटार बंद, रस्ता बर्फाखाली, आणि मी उंबऱ्यावर घसरून घोटा भोपळ्याएवढा करून बसलोय. पत्र आणि पुडकं पोस्टमन स्कीवर घेऊन उतरेल.

आता नीट वाच. स्पर्धेला तू बसायचंस. दचकू नकोस. नियमात ‘घरातलं कुणीही’ असं लिहिलंय, मिशीचा उल्लेख नाही. तुझा बाप सेलेस्तँ तुला मागच्या परसात पाइप ओढायला द्यायचा आणि कुणाला कळत नाही असं तुम्हा दोघांना वाटायचं. सगळ्या गल्लीला धूर दिसायचा.

थंडीचं तेवढं ध्यानात ठेव. गार पाइप लगेच पेटवायचा नाही. गारठलेल्या लाकडाला एकदम आग लागली की तंबाखूची वाटी तडकते, आणि तडकली नाही तरी आत पाणी सुटून गुरगुरते. शेगडीजवळही ठेवायचा नाही. आधी हातात घेऊन अंगाच्या उबेने जागा करायचा. गरम असताना तोंडाकडची नळी उपसायची नाही. आणि ओढून झाल्यावर ओला पाइप बाहेरच्या थंडीत न्यायचा नाही. आतलं पाणी गोठतं, फुगतं आणि नळी जिच्यात बसते ती लाकडी दांडी चिरते. चाळीस वर्षं कारखान्यात पोरापोरींना हेच सांगत आलो, तरी दर हिवाळ्यात एक तरी गाढव निघतंच.

बाकी तू धीराची आहेस. आईला सांभाळ, तिचा लोभ माझ्यावर आहे तेवढाच राहो, कमी नको.

तुझा काका,
आन्तेल्म

सँ-क्लोद,
५ फेब्रुवारी १९५६

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

पाइप पोचला. घोट्याला कोबीची पानं बांधा, असा आईचा निरोप आहे. मी स्पर्धेला बसणार म्हटल्यावर तिने हातातला डाव खाली ठेवला आणि भर सभागृहात बाईमाणूस तोंडात पाइप धरून बसणार, शेजारपाजारच्यांना तोंड कसं दाखवायचं, असं विचारलं. ती येणार नाही म्हणते. मी मात्र नाव देऊन आले! ग्रांक्लेमाँ साहेबांनी नियमांची वही दोनदा वाचली आणि मग शाईची दौत पुढे सरकवली.

आता दुसरं. नळी दांडीत घट्ट बसली होती. ओढली नाही. आधी गार खोलीत, मग जिन्यात, मग स्वयंपाकघरात, असा अख्खा दिवस त्याला जागं केलं. संध्याकाळी नळी अलगद निघाली आणि मागोमाग पाण्याचे चार थेंब. काका, दांडीच्या तोंडाला केसाएवढी चीर आहे. अर्धं नखभर लांब.

आणि वाटीला जेंशनच्या मुळांच्या दारूचा वास येतोय. बाबा तंबाखूवर दारू कधी शिंपडत नसत. आपल्या घराण्यात तसं करणारा एकच माणूस मला माहीत आहे. यंदाचं गाढव लवकर निघालं म्हणायचं का?

रागावले नाहीये. पण सातच दिवस उरलेत आणि मला रडू येतंय. उत्तर धाडून जीव भांड्यात पाडावा.

ओडील

लामुरा,
८ फेब्रुवारी १९५६

चि. ओडील,
आशीर्वाद.

गाढव मीच.

तुला सगळा उपदेश लिहून झाला, पाकीट चिकटवलं. पाइप फडक्यात गुंडाळताना मनात आलं, आता हा खाली जाणार, मग भिंतीवर तरी जाईल नाहीतर तुझ्या आईच्या खणात. माझ्या हातात पुन्हा येईल न येईल. म्हणून भरला. उंबऱ्यावर पोतं टाकून बसलो, सेलेस्तँ बसायचा त्या बाजूला. वारा नव्हता. निम्मा झाला असेल तोच पोस्टमन वळणावर दिसला. घाईघाईने राख झाडली आणि ओला, गरम तसाच बांधून दिला. हे मी केलं, ओडील, मी.

चीर वाटीत नाही ना, एवढंच पाहा. दांडीतच असेल तर चांदीचं कडं घट्ट चढवलं की ती बंद होते. कारखान्यात कडी बसवतात त्या मेजावरून मागून घे. आधी पाइप पुरता कोरडा होऊ दे, दोन दिवस तरी.

तू पोर असताना माझ्यावर जीव लावलास, त्यातला थोडा अजून असेल तर राहू दे.

काका

सँ-क्लोद,
१३ फेब्रुवारी १९५६

ती. काकांस,
ओडीलचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

बेचाळीस मिनिटं! एकोणीस जणांत चौथी!

क्रमाने सांगते. कडं मी स्वतः चढवलं, चीर दिसेनाशी झाली. सभागृहातली शेगडी नुकतीच पेटवलेली, मेज एवढं गार की हात टेकवत नव्हता. ग्रांक्लेमाँ साहेबांनी सगळे पाइप तपासायला मेजावर मांडायला लावले. माझा उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, सेलेस्तँच्या पाइपला कडं नव्हतं, हा दुसराच दिसतोय. माझ्या तोंडून निघून गेलं, “पाइप बाबांचाच आहे साहेब. कडं काकांचं आहे.” आणि घडलेलं सगळं सांगून टाकलं, उंबऱ्यासकट, पोत्यासकट. माफ करा. आधी कुणीतरी खाकरलं आणि मग अख्खं सभागृह हसलं. तुमच्याकडून चाळीस वर्षं बोलणी खाल्लेली माणसं ती! साहेबांनी डोळे पुसले आणि पाइप माझ्या हातात दिला.

मग त्यांचं भाषण झालं. कधी नव्हे ते मला हवंहवंसं वाटलं. तेवढा वेळ पाइप शालीखाली दोन्ही तळव्यांत धरून बसले. बाकीच्यांनी गारच भरले. दहाव्या मिनिटाला डावीकडे गुरगुर, पंधराव्याला उजवीकडे, एकेक जण हात वर करून उठू लागला. माझा कोरडा ठणठणीत.

सव्विसाव्या मिनिटाला धूर दिसेना. गेलं सगळं, असं वाटलं. जोरात ओढला नाही. दाबणीने राख हलकेच दाबली, बाबांसारखा नळीतून श्वास सोडला आणि थांबले. दोऱ्याएवढी रेघ वर आली. तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्याने मिनिटं मोजायला लागलं. वळून पाहता येत नव्हतं, पण आवाज ओळखला. नंतर पाहिलं तर एप्रनवर कोट चढवून, स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ पोटाशी धरून, आई दारात उभी होती.

तिसावं मिनिट तिने एवढ्या जोरात म्हटलं की साहेबांच्या हातातली नोंदवही पडली.

संपल्यावर सगळे म्हणाले, आता टांग खुंटीवर. मी नाही म्हटलं. पाइप ओला आहे आणि तुमची भिंत बर्फासारखी आहे, गुरुवारपर्यंत थांबा. पोटाशी धरून उबेत घरी आणला, गार झाल्यावर नळी काढली, आणि आता तो आईच्या कोरड्या कपाटात आडवा निजलाय. पट्टीवर बाबांचंच नाव राहणार.

घाट मोकळा झाला की या. आम्ही दोघी वाट पाहतोय, ही ओढ अशीच राहू द्यावी.

आपली,
ओडील

ता. क. बाबांच्या शेजारची खुंटी तुमची, आणि ती अजून रिकामी आहे. येताना तुमचा पाइप आणा. कोरडा करून.