पंख उचलणारा हात

३ मार्च
आज ग्लायडिंग क्लबात नाव घातलं. काय मजा आली! विमानाला इंजिन नाही. मैदानाच्या टोकाचं यंत्र लांब तारेने ओढतं, पतंगासारखं वर चढवतं, पुढे सगळा वाऱ्याचा कारभार. सोबत साडूलाही नेलं. सासुरवाडीचा लाडका जावई तो. हौस मात्र माझी.

मास्तरांनी पहिला नियम बजावला. पंखाचं टोक गवतावर टेकलेलं असतं. ते धरणाऱ्याने आधी काचेच्या झाकणाची कडी लागली का बघायचं, मगच पंख उचलायचा. पंख उचलला की तार ओढणार. पाळी येईपर्यंत मी विमानात बसून ही डायरी खरडत होतो, तर मास्तर म्हणाले, कविता करता की काय.

१७ मार्च
साडूला एकट्याने उडायची परवानगी मिळाली. मला नाही. मास्तर म्हणे, त्याचा हात हलका आहे. मग माझा काय वरवंटा आहे? घरी मेहुणीने फोनवर नवऱ्याचं कौतुक लावलं आणि आमची बायको हो ला हो करत बसली. पोटात दुखतंय माझ्या, दुखतंय तर दुखतंय.

२४ मार्च
साडूचा पंख मी धरला होता. तो काचेतून माझ्याकडे बघून हसला. कडी लागली नव्हती. मला दिसलं. हाक मारायला वेळ होता.

मी पंख उचलला.

झाकण उडालं, विमान वाकडं झालं, पडलं. सगळे म्हणतात, बिचारा कडी लावायला विसरला.

७ एप्रिल
बायकोचं रडणं थांबत नाही. माझ्यासाठी एवढी रडली असती का? क्लबात त्याचा मोठा फोटो लावलाय. मेला तरी पहिला नंबर त्याचाच.

आज मास्तरांबरोबर उडालो. पंख धरायला माणूस पोचायच्या आत पंख वर आला. मास्तर म्हणाले, वारा असेल. गवताचं पातं हलत नव्हतं.

१४ एप्रिल
पुन्हा तेच. अलगद उचलतो. हलका हात.

२१ एप्रिल
आज मी एकटा उडणार. शेवटी मिळाली परवानगी. आत बसलोय. कडी लावली, ओढून पाहिली. पंखापाशी अजून कोणी नाही.

कडी उघडी आहे. आत्ताच तर लावली — पुन्हा लावली.

पुन्हा उघडी —

मास्तरांना हात करतोय. त्यांना वाटतंय मी खुशीत आहे. तेही हात हलवतायत —

पंख गवतावरून वर येतोय. नको, अजून नको —

टोकापाशी तो उभा आहे. काचेतून बघून हसतोय. कडी लागली नाही, दिसतंय त्याला, त्याला दिस —