धुरात टांगलेली भाकर

प्रिय कुरियाच्चन,

तू बरा असशीलच. बरं नसतं, तर एव्हाना तुझं पत्र आलं असतं. सुखात असलेली माणसं पत्र लिहीत नाहीत, हे मी तुझ्याकडूनच शिकले. इथे आम्हीही बरे आहोत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही आणि ते दोन माणसांमुळे. एक तू, तिकडे हुबळीला मुलांना गणित शिकवत बसलेला. दुसरे आपले वडील. तुम्हा दोघांना एका पोत्यात घालून मीनच्चिल नदीत बुडवून काढावं असं मला आठवड्यातून निदान एकदा तरी वाटतं.

झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून परत आल्यावर अप्पच्चननी छत्री खुंटीला अडकवली आणि जाहीर केलं, की यंदा पवित्र गुरुवारी, प्रभूच्या शेवटच्या जेवणाच्या रात्री, या घरात पेसहाची भाकर होणार नाही. अम्मच्ची भाकरीवर ठेवायच्या क्रूसासाठी कोवळी पात निवडत होती, तिचा हात तिथेच थांबला. पेसहाची भाकर चुकते ती फक्त सुतकाच्या घरात, आणि आपल्याकडे तर कोंबडीसुद्धा मेलेली नव्हती. मी विचारलं, मेलं कोण? "एक मुलगा होता," म्हणाले, आणि कपडे बदलायला आत गेले. कुरियाच्चन, माझ्या हातात तेव्हा पितळी तांब्या होता. तो मी खाली ठेवला, याचं श्रेय मला कोणीतरी द्यायला हवं.

तू सेमिनरी सोडून आलास तो दिवस मला फार आठवतो. दीक्षेला चार महिने राहिलेले, अप्पच्चननी तुझ्यासाठी पांढरं कापड आणून ठेवलेलं, आणि तू ट्रंक घेऊन व्हरांड्यात उभा. तू म्हणालास, की मी इतकी वर्षं सगळं पाळलं. प्रार्थना, मौन, उपास, वरिष्ठांचा शब्द. पण त्यात प्रेम शोधायला गेलो तर हाताला काही लागत नाही, असला पाद्री लोकांच्या काय कामाचा. त्यावर ते म्हणाले, "प्रेमाचं कोण विचारतंय? पाळ." मला तेव्हा तुमच्या दोघांचाही राग आला होता आणि अजून आहे. प्रभूने शेवटच्या जेवणाला बसून प्रेम आणि आज्ञा या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या. आपल्या घरात मात्र तुम्ही बापलेकांनी त्यांची वाटणी करून घेतलीत. त्यांनी एक घेतली, तू दुसरी, आणि अम्मच्ची आणि मी भांडी घासतोय.

अम्मच्ची काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "बरं. भाकर करायची नाही." तिचं हे 'बरं' तुला माहीत आहे. सोमवारी ती कुंपणापाशी गेली आणि पलीकडच्या कुंजेली चेडत्तीला सांगून आली, की यंदा आमच्याकडे भाकर नाही. बस, एवढंच. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी भाकर पोचवायची असते, तर शेजाऱ्यांना कळवायला नको का? नवऱ्याचा शब्द तिने अगदी शेवटच्या टोकापर्यंत पाळला. कुंजेलीने बाकीच्या गावाला कळवलं, आणि ते कसं कळवलं असेल याची कल्पना तू कर.

गुरुवारी संध्याकाळी पाय धुण्याचा विधी आटोपून आम्ही घरी पोचतो, तर मागून माणसांची रांग. प्रत्येकाच्या हातात केळीच्या पानाखाली झाकलेली भाकर आणि किटलीत गुळाचं नारळदूध. चेहरे लांब केलेले, आवाज खाली. व्हरांडा भरला, मग पायऱ्या भरल्या. कुणीतरी तुला हुबळीत ट्रकखाली घातलं होतं, कुणी कावीळ म्हणत होतं. म्हातारा पोत्तन तर उंबऱ्यात बसून हमसून रडायला लागला, "किती गोड गळ्याचं पोर, माझ्या बायकोच्या मातीला त्याने गायलं होतं." मी सांगते, तुझं स्वतःच्या मयताला हजर राहणं राहून गेलं याचं मला वाईट वाटलं. फार कौतुक झालं तुझं.

अप्पच्चन मधोमध उभे. ते आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. तीही आज्ञाच ना. गावात सगळ्यांना हे ठाऊक, म्हणून सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी कुंजेलीनेच विचारलं, "औसेप चेट्टा, पोराला नेमकं झालं काय?" मी भिंतीला टेकून उभी होते आणि खरं सांगते, मला भीती वाटली. हे जर आता "मेला" म्हणाले, तर अख्ख्या गावासमोर म्हटलेलं ते कधीच परत घेणार नाहीत, आणि मग तुझा या घराचा रस्ता कायमचा बंद.

"तो जिवंत आहे," ते म्हणाले. "माझा मुलगा जिवंत आहे."

मग कुंजेलीने सहज विचारलं, तर मग भाकर का नाही केली? जिवंत माणसांच्या घरात भाकर न करणं बरोबर नाही. ते तरातरा स्वयंपाकघरात गेले, मी मागोमाग. तांदूळ-उडीद आता भिजवले तर वाटायला मध्यरात्र होईल, असं ते पुटपुटत होते, तेवढ्यात अम्मच्चीने फडताळातलं पातेलं काढून समोर ठेवलं. पीठ तयार, वाटलेलं. "तुम्ही करू नको म्हणालात," ती म्हणाली. "भिजवू नको असं कुठे म्हणालात?" वर पातीचा क्रूस त्यांनी स्वतः ठेवला. तो वाकडा बसला, तसाच भाकरीबरोबर वाफवला.

मग तेच नेहमीचं. दिवा, प्रार्थना, सगळ्यात मोठ्यापासून धाकट्यापर्यंत दोन्ही हात पुढे. अप्पच्चननी अम्मच्चीला तुकडा दिला, मला दिला, स्वतः घेतला, आणि त्यांच्या हातात एक तुकडा उरला. मोजायला ते चुकत नाहीत. वल्यप्पच्चन आजोबांचा नियम तुला आठवतो ना, ज्याच्या नावाने तुकडा कापला तो त्यानेच खायचा, दुसऱ्याने नाही, आणि टाकायचा तर मुळीच नाही? ते त्या तुकड्याकडे बघत बसले. मग उठले आणि तो स्वच्छ फडक्यात बांधून धुराच्या खोलीत, वाळत घातलेल्या रबराच्या शीटांमध्ये टांगून आले.

तेव्हापासून माझा छळ चालू आहे. मुंग्या लागू नयेत म्हणून दोरीला रॉकेलचा बोळा. बुरशी येऊ नये म्हणून रोज शेगडीत नारळाच्या करवंट्या. रबर चांगलं वाळलेलं असतानाही धूर, कारण भाकर वाळायची आहे. शीटं काळी पडली, व्यापाऱ्याने भाव पाडला, तरी धूर. मी म्हटलं, अप्पच्चा, तो तुकडा मांजराला घाला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता मलाच त्या दोरीला टांगतील असं वाटलं. शेजाऱ्यांची भाकर आम्ही ईस्टरनंतरही तळून, कुस्करून, ताकात घालून खाल्ली, ते वेगळंच.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आज सकाळी ते शीटं उलटत होते, पाठ माझ्याकडे. म्हणाले, "त्याला लिही. त्याच्या नावाचा तुकडा इथे आहे. येऊन खायचा. मी सांगतोय म्हणून लिही." मी विचारलं, तुम्हाला त्याची आठवण येते असं लिहू का? त्यांनी एका शीटच्या कडा सरळ केल्या. मग म्हणाले, "मी सांगतोय एवढंच लिही." तर लिहिलं. त्यांना दुसरी भाषा येत नाही, कुरियाच्चन, आणि या वयात मी ती शिकवू शकत नाही. तू म्हणाला होतास ना, पाळताना प्रेम हाताला लागत नाही? ते टांगलंय इथे, धुराने काळं पडलेलं, रबराचा वास मारणारं. सेमिनरीत परत जाऊ नकोस, पाद्री होऊ नकोस, माझं तर कधीच ऐकू नकोस. ही एक आज्ञा पाळ. आणि दात शाबूत घेऊन ये, तो तुकडा आता दगडासारखा झालाय.

वाट बघून वैतागलेली,
तुझीच थोरली चेची,
एलिक्कुट्टी